पदावली-भाषा : एका मर्यादित भाषेचा विस्तार

संगणकभाषांचा इतिहास बहुधा सामर्थ्यवृद्धीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जावा-आधारित वेबपृष्ठांकरिता निर्माण झालेली 'एक्सप्रेशन लँग्वेज' मात्र या रूढीस अपवाद होय. तिचा जन्म सामर्थ्य कमी करण्यासाठी झाला. म्हणूनच तिची पुढील वाटचाल भाषाभ्यासकास उद्बोधक वाटावी. अंकगणितात 'पदावली' हा शब्द ज्या अर्थाने योजतात, त्याच अर्थाने येथे तिला पदावली-भाषा म्हटले आहे.

१९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 'जावा सर्व्हर पेजेस' ही पद्धती प्रसिद्ध केली. तीत एचटीएमएलच्या मजकुरातच जावाची विधाने लिहिण्याची मुभा होती. सोय मोठी खरी. परंतु तिच्यामुळे एकाच पृष्ठावर दोन भाषा परस्परांत गुंतल्या. मांडणी करणारास बहुधा जावा येत नसे, आणि तरीही एखादा कंस त्याच्या हातून ढळला की सारे पृष्ठ बंद पडे.

यावर उपाय म्हणून २००२ साली प्रमाण टॅग-संग्रहाबरोबर पदावली-भाषा आली. प्रारंभी तिचा वापर त्या टॅगांपुरताच होता. २००३ च्या दुसऱ्या आवृत्तीने तिला पृष्ठावर सर्वत्र संचार दिला. तिचे व्याकरण अगदी आटोपशीर होते. डॉलरचे चिन्ह व महिरपी कंस यांच्या आत नावे लिहावयाची आणि ती बिंदूने जोडावयाची. 'ग्राहक.पत्ता.पिनकोड' ही रचना म्हणजे आपल्या षष्ठीची साखळीच होय : ग्राहकाच्या पत्त्याचा पिनकोड. नावाचा संदर्भ प्रथम पृष्ठात, मग विनंतीत, त्यानंतर सत्रात व शेवटी संपूर्ण उपयोजनात शोधला जाई. सर्वनामाचा संदर्भ आपण जवळून दूर शोधतो, तसाच हा क्रम. पत्ता नोंदलेलाच नसेल, तर पृष्ठ न मोडता ती जागा रिकामी राही. कोनी कंस एचटीएमएलने आधीच व्यापलेले असल्यामुळे तुलनेसाठी अक्षरी पर्यायही दिले होते. मूल्य बदलण्याची अथवा आवर्तनाची सोय मात्र नव्हती. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या भाषेस आज्ञार्थ नव्हता.

तो पुढे क्रमाक्रमाने आला. २००४ साली 'जावा सर्व्हर फेसेस' या चौकटीने डॉलरऐवजी हॅशचे चिन्ह घेऊन आपली स्वतंत्र बोली रूढ केली. फॉर्ममध्ये भरलेले मूल्य परत आत लिहिण्याची शक्ती तीत होती. २००६ साली दोन्ही बोलींचे एकीकरण झाले. २००९ मध्ये कार्यपद्धतींना आदाने देऊन त्या पदावलीतून चालविता येऊ लागल्या. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत मूल्य-नियोजन व लॅम्डा-रचना यांचा समावेश झाला, आणि भाषेस स्वतंत्र विनिर्देशाचा दर्जा लाभला. प्रत्येक भर कोणत्या तरी खऱ्या गरजेतून पडली, हे मान्यच केले पाहिजे. तथापि, जे ओझे पृष्ठावरून उतरविण्यासाठी ही भाषा योजिली, तेच दुसऱ्या दाराने परत आले.

या विस्ताराचे मोल काय, हे ओजीएनएल या भगिनीभाषेच्या उदाहरणावरून कळते. स्ट्रट्स या चौकटीत वापरली जाणारी ही भाषा पहिल्यापासूनच अधिक समर्थ होती. २०१७ साली असे उघड झाले की, परक्याने विनंतीच्या शीर्षात धाडलेला मजकूर त्रुटिसंदेशात शिरून पदावली म्हणून सोडविला जातो, आणि त्यायोगे सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालविता येतात. त्याच वर्षी याच छिद्रातून इक्विफॅक्स या अमेरिकन पतनोंदणी कंपनीकडील सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. बाहेरचा शब्द घरातील वाक्य ठरला, हेच त्या अनर्थाचे मूळ. जी भाषा केवळ वाचू शकते, तिच्यात असा शब्द शिरला तरी हानी मर्यादित राहते. जी करू शकते, तिच्यात तो आज्ञा होतो.

पदावली-भाषेचा आरंभीचा संयम मांडणीकाराच्या सोयीसाठी होता, सुरक्षिततेसाठी नव्हे. तरीही तोच तिचे कवच ठरला असता. भाषेत काय म्हणता येते, याइतकेच काय म्हणता येत नाही, हेही तिच्या रचनेचे अंग आहे. नव्या सोयीचे स्वागत करताना या दुसऱ्या अंगाचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.