ग्रंथ आणि ग्रंथाचे अधिकारी

आमच्या नागोठण्याहून निघून खोपोलीचा घाट चढावा, पुणे मागे टाकावे आणि दौंडच्या वाटेला लागावे, म्हणजे केडगावचे स्टेशन येते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथे आहे. बाईंच्या परोपकाराविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. आज मी बोलणार आहे तो त्यांच्या एका भांडणाविषयी. हे भांडण पुण्याच्या शास्त्रीमंडळींशी झालेले नव्हे. ज्या ख्रिस्ती चर्चने त्यांना बाप्तिस्मा दिला, त्याच चर्चशी झालेले आहे.

या भांडणाचे मूळ पाहण्यास बाईंच्या वडिलांपासून आरंभ करावा लागतो. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून उडुपीस पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबोवांनी शास्त्रग्रंथच पुढे ठेवले आणि स्त्रीला संस्कृत वाचण्यास बंदी कोठे आहे ते दाखवा, असा पवित्रा घेतला. तथापि वेद मात्र स्त्रियांना वर्ज्य, ही मर्यादा त्यांनीही पाळली होती. पुढे कलकत्त्यास केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंच्या हाती वेदाची प्रत दिली, तेव्हा ती मर्यादाही सुटली. सांगायचे ते इतकेच की, 'ग्रंथात काय आहे ते मी स्वतः पाहीन' ही सवय बाईंना विलायतेत लागलेली नाही. ती माहेरची होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना निघाली. त्यासरशी मुंबईचे व लाहोरचे बिशप अस्वस्थ झाले. हिंदुस्थानात ही गोष्ट कळली तर बाईंचे वजन राहणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. बाईंना याचे नवल वाटले. आपल्या वडिलांनी वा पतीने ज्या गोष्टीस कधी हरकत घेतली नाही, तिला इंग्रज धर्मगुरूंनी हरकत घ्यावी! शिवाय हिंदुस्थानचे लोक काय म्हणतील हे हिंदुस्थानच्याच बाईला शिकविणे, हाही एक विलायती मासला होय.

येथून १८८५ च्या सुमारास पत्रांचा मोठा वाद पेटला. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसच्या नावाने चालणारा श्रद्धालेख आपल्याला बायबलात जसा सांगतात तसा आढळत नाही, असे बाईंचे म्हणणे होते. त्या लेखात तर तो न मानणाऱ्याचा नाश होईल असे बजावलेले आहे! सिस्टरांनी याला अहंकार म्हटले आणि आज्ञापालनाचा उपदेश केला. बाईंचे उत्तर असे की, देवाच्या वचनापुढे मान तुकविणे वेगळे आणि पाद्री किंवा बिशप यांच्या मुखातून पडेल तो प्रत्येक शब्द मानणे वेगळे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालण्यास त्या तयार नव्हत्या. खुद्द इंग्लंडात इतके पंथ, आणि सत्य आपल्याच पदरी आहे असे ज्याचा तो म्हणतो. मग नवख्या माणसाने कोणाचे ऐकावे? क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. हा प्रश्न मला त्रैक्याच्या वादाहून मोलाचा वाटतो. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंका शांतपणे ऐकल्या व उत्तरे दिली. शिक्षकाचे काम त्यांना कळले होते.

याच काळात महाराष्ट्रात बाई मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले झाल्याची ओरड चालू होती. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली खरी. परंतु आतला झगडा येथे कोणाला ठाऊक असणार? सिस्टरांनी जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तो थेट १९७७ साली, बाईंच्या मृत्यूनंतर ५५ वर्षांनी. तोवर निवाडे देऊन झाले होते.

जाता जाता आमच्या मुलखाची एक गोष्ट. पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील गावोगावचे बेने इस्रायल, म्हणजे आपले शनवार तेली, यांच्यासाठी मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. या मंडळींनी हिब्रू आवडीने शिकून घेतली. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. मूळ भाषा हाती आली म्हणजे शिकविणाऱ्याचाच अर्थ घ्यावा लागतो असे नाही.

रमाबाईंनीही शेवटी हाच मार्ग धरला. केडगावी उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबल मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. साध्या बायकांना कळेल अशी भाषा हवी, आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द नकोत, असा त्यांचा कटाक्ष होता. येथे मी थोडा अडखळतो. क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या बाईंनी आता तेच शब्द वेचून बाहेर काढले. कोणता शब्द ठेवावा, कोणता टाकावा हे ठरविणारा अर्थही ठरवितोच. मुक्तिसदनातल्या मुलींना 'बाई, हा शब्द का नको?' असे विचारता आले असेल काय? या वयात बाईंची श्रद्धा निःशंक झाली होती, आणि चेल्टनहॅमची ती विद्यार्थिनी शोधू गेल्यास तेथे सहजी सापडत नाही. असे असूनही त्यांनी आपल्या मुलींच्या हाती श्रद्धालेख दिला नाही, ग्रंथच दिला.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींपासून ज्या आश्रमाची भरती झाली, त्याच आश्रमातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले होते.