मनोरमेची शाळा

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या पिढीने शाळेतच ऐकले. शारदा सदन, मुक्ती, केडगाव, एवढे परीक्षेपुरते पाठ असायचे. माझगावच्या कदूरी शाळेत मीही ते पाठ केले होते. पण १८८३ साली रमाबाई विलायतेला निघाल्या तेव्हा त्यांच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती, आणि त्या मुलीला कोणी व कसे वाढवायचे यावरून पुढे पाच-सहा वर्षे पत्रापत्री चालली, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांचा पत्रव्यवहार वाचला. त्या मुलीविषयीच आज लिहिते.

मनोरमेचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. वडील बिपिनबिहारी मेधावी बंगाली. पुढच्याच वर्षी ते वारले आणि रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या. तिथून इंग्लंड. वाँटेज या गावी सेंट मेरी मठातल्या भगिनींनी दोघींना आश्रय दिला. सप्टेंबर १८८३ मध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंचे धर्मांतर हा आपला विषय नाही, त्यावर त्यांच्या काळातच पुष्कळ शाई खर्च झाली. आपला विषय मुलीचा.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी मनोरमेवर मनापासून माया केली. रमाबाईही त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. पण आजीबाईंना वाटे, पोरगी इथे वाढते आहे तर इथल्यासारखी वाढावी. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पुडिंगसुद्धा खात नसत. सिस्टरांच्या लेखी हा जातीचा जुना अहंकार होता. रमाबाईंनी उत्तर दिले ते रोखठोक. मठात गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या देशाची संस्कृत अक्षरे का नकोत, असेही त्यांनी विचारले. आणि मुलीच्या धर्मशिक्षणात काय शिकवावे, काय शिकवू नये, हे ठरवण्याचा हक्क आईचा आहे, मठाचा नाही, यावर त्या अडून बसल्या. एका पत्राचा मथितार्थ असा, की माझी मुलगी हिंदुस्थानची आहे, ते सांगताना तिला लाज वाटता कामा नये, आणि आपल्या लोकांत परत गेल्यावर तिने त्यांच्यातलीच एक म्हणून राहावे, वरच्या पायरीवर उभे राहून त्यांच्याकडे पाहू नये. पदरात पैसा नाही, परक्याच्या अन्नावर दिवस काढायचे, आणि तरी असे लिहायचे! मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले, अनेक आईबाप पाहिले. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस पहिल्यांदा मुलाच्या बाबतीतच गप्प होतो.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो समारंभ झाला, आणि पाच वर्षांचीही न झालेली मनोरमा आईबरोबर तिकडे होती. तिथे रमाबाईंना पहिल्यांदा बालवर्ग, म्हणजे फ्रोबेलचे किंडरगार्टन, पाहायला मिळाले. मूल खेळता खेळता शिकते, हाताने करून शिकते, ही गोष्ट त्यांना इतकी पटली की त्यांनी फिलाडेल्फियात त्याचे रीतसर शिक्षण घेतले. स्वतः त्या लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. वडील अनंतशास्त्र्यांनी आईला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना, तेही तीर्थयात्रेच्या वाटेवर.

दुःखाची गोष्ट अशी, की दुसऱ्यांच्या मुलांसाठी ही विद्या शिकत असताना स्वतःची मुलगी जवळ ठेवता आली नाही. व्याख्यानांसाठी गावोगाव फिरायचे, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा. काही महिन्यांनी मनोरमेला वाँटेजला परत पाठवावे लागले, ज्यांच्याशी भांडण त्यांच्याचकडे. मग अमेरिकेतून पत्रे जाऊ लागली, लहान मुलाला समजतील अशी.

आपल्या समाजाला ही पेचाची जागा नवी नाही. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईला आले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. त्या शाळांत आपली मुले गेली, आपले लोक तिथे शिक्षकही झाले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, ते आपल्या पूर्वजांना उपयोगी पडले. अक्षरे घेतली, तोराहच्या कथा मराठीत वाचल्या, पण शब्बाथ सोडला नाही. मिशनरींच्या हाती आपल्यापैकी फारच थोडे लागले. पुढे १८७५ मध्ये हायेम सॅम्युएल केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजाची स्वतःची शाळा काढली, तीच पुढे कदूरी शाळा झाली. शिकवा, पण मूल आमचे आहे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भांडण न करता सांगितले. रमाबाई एकट्या होत्या, त्यांना भांडावे लागले.

अमेरिकेतला गैरसमज अजून संपलेला नाही, फक्त त्याचे रूप बदलले. माझी भाची न्यू जर्सीत राहते. १९९० च्या सुमाराची गोष्ट. तिचा मुलगा पहिलीत होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी वर्गात कागदी पिसांचे मुकुट केले. बाई म्हणाल्या, तू तर खराच इंडियन, तू सरदार हो! पोरगा खुशीत मुकुट घालून घरी आला. कोलंबस वाट चुकला त्याला पाचशे वर्षे होत आली होती आणि बाईंना अजून पत्ता नव्हता. भाची हसली आणि सोडून दिले.

पण रविवारच्या हिब्रू वर्गात त्याला विचारले, तुमच्या घरचे लोक ज्यू कधी झाले? त्याने घरी येऊन तेच विचारले, "आई, आपण कधी झालो?" याचे मात्र तिला लागले. आपण १९६२ ते १९६४ ची इस्राएलमधली आंदोलनाची वर्षे पाहिलेली माणसे, हा प्रश्न आपल्याला कुठे लागतो ते मी वेगळे सांगायला नको. तिथे तो विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, एवढाच फरक. भाचीने पुढच्या रविवारी १८७४ च्या पुणे हगादातल्या चित्राची प्रत वर्गात नेली. हिब्रूबरोबर मराठी भाषांतर, आणि चित्रात लुगडे नेसलेल्या बायका पेसाहची मत्सा करताहेत. शिक्षकाने ते चित्र सगळ्या मुलांना दाखवले आणि तिच्याकडून प्रत मागून घेतली. मुलांना मात्र हगादापेक्षा लुगड्याचेच जास्त नवल वाटले, असे ती सांगते.

रमाबाई १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला परतल्या. ११ मार्चला चौपाटीवर शारदा सदन उघडले. त्याच वर्षी त्यांचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक निघाले. तिथल्या शाळांचे आणि स्त्रियांच्या संस्थांचे त्यात भरभरून कौतुक आहे, पण काळ्या लोकांना आणि त्या देशाच्या मूळ रहिवाशांना दिलेल्या वागणुकीवर पांघरूण घातलेले नाही. मनोरमा आईजवळ आली. पुढे तरुणपणी तीही अमेरिकेत शिकायला गेली, न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ नॉर्थ चिली येथल्या चेस्ब्रो सेमिनरीत. १९०० मध्ये परतली ती आईच्या कामालाच लागली. शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली आणि १९१२ साली गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा काढली.

रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. त्यांच्या टेबलावर आपल्या भाषेतला तनाख आणि मराठी कागद शेजारी शेजारी असत, हे चित्र मला फार जवळचे वाटते. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, वय चाळीस. आईने राहिलेले काम तसेच चालू ठेवले, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.