कपड्यांच्या दुकानातली पार्टटाइम नोकरी : रमजानच्या सीझनआधी काय ठरवून घ्यावे

शाबान अर्धा सरला की कपड्यांच्या दुकानांच्या काचांवर चिठ्ठ्या दिसू लागतात. ‘काउंटरला मुले पाहिजेत’, ‘लेडीज सेक्शनसाठी मुलगी पाहिजे, बोलकी हवी’. मुंबईत मोहम्मद अली रोड आणि मंगलदास मार्केट, छत्रपती संभाजीनगरात शहागंज आणि सिटी चौक, शिवाय मालेगाव, भिवंडी, सोलापूर, कुठेही जा, ईदच्या आधीचे पाच-सहा आठवडे दुकानदाराला हात कमी पडतात. आमच्या वर्गातली अकरावी-बारावीची मुले याच दिवसांत कामाला लागतात. काही घरखर्चासाठी, काही पुढच्या वर्षीच्या फीसाठी आणि खरे सांगायचे तर काही नव्या मोबाइलसाठीही. त्यात वाईट काही नाही. पण काहीच न ठरवता कामावर गेलेल्या मुलांचे पैसे, तब्येत आणि परीक्षा, तिन्ही अडकलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून ही माहिती मुलांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या अम्मी-अब्बूंसाठी.

काम दोन तऱ्हेचे असते. एक बाजारातले दुकान. तिथे सीझनपुरते घेतात, ओळखीतून घेतात, रोजी किंवा ठोक रक्कम ठरते आणि मालक समोर गल्ल्यावर बसलेला असतो. दुसरे मॉलमधले किंवा मोठ्या रस्त्यावरचे शोरूम. तिथे याच कामाला ‘सेल्स असोसिएट’ म्हणतात, शनिवार-रविवारची पार्टटाइम पाळी मिळते, हजेरी मोबाइलवर लागते आणि पगार खात्यात येतो. शोरूममध्ये पुष्कळदा मुलगा दुकानाचा नोकर नसून एजन्सीचा असतो. पगार अडला तर शोरूमचा मॅनेजर एजन्सीकडे बोट दाखवतो आणि एजन्सीचा माणूस फोन उचलत नाही. तेव्हा पगार कोण देणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. हिजाब चालेल का, दाढी चालेल का, जुम्म्याला किती वेळ मिळेल, हेही तेव्हाच विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही. रुजू झाल्यावर तोच प्रश्न वादाचा होतो.

मुलांना वाटते, कपडे दाखवायला काय लागते? पहिले तीन-चार दिवस तर कपडे दाखवायलाही मिळत नाहीत. घड्या घालाव्या लागतात. एक गिऱ्हाईक वीस सूट उलगडून, एकही न घेता उठून जाते आणि ते वीसच्या वीस सूट दुपट्ट्यांसकट जागच्या जागी गेले पाहिजेत, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकासमोर सेट सापडत नाही. मग ताक्यावरच्या कापडाची ओळख होते. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ती ३६, ४४, ५८ इंच अशी असते आणि तिच्यावरून किती मीटर लागेल ते ठरते. पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ पन्ह्यात साधारण १.६० मीटर पुरते, ३६ पन्ह्यात सव्वादोन मीटर लागते. हे न विचारता कापड फाडले की टेलरकडून गिऱ्हाईक परत येते आणि फाडलेले कापड मालक परत घेत नाही. कॉटन धुतल्यावर आटते, हे आधी सांगायचे असते. अबायाच्या टॅगवर ५२, ५४, ५६, ५८ असे आकडे असतात. ते छातीचे माप नसून इंचातली लांबी असते. नव्या मुली इथे हमखास चुकतात आणि बुटक्या बाईंना ५८ चा अबाया देऊन बसतात.

बिलाचेही थोडे कळावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर असेल तर १८ टक्के लागतो. ताक्यावरच्या कापडाला ५ टक्केच. ‘काल एवढाच भाव होता, आज बिल जास्त कसे?’ असे गिऱ्हाईक विचारते तेव्हा मालक नाही, काउंटरवरचे पोरच समोर असते.

आपल्या मुलांचे एक भांडवल मात्र खरे आहे, ते भाषेचे. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. खेड्यातून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या मराठी कुटुंबाशी आणि ईदच्या खरेदीला आलेल्या आपांशी एकच मुलगा त्यांच्या त्यांच्या बोलीत बोलतो. ही गोष्ट मालकाला फार कामाची असते. पगार ठरवताना मुलांनी ती सांगावी. आमच्या मुलांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही!

माप आणि ऐब या दोन बाबतींत घरातून बजावून पाठवावे. मीटरची पट्टी ओढून धरायची आणि सव्वादोनचे दोन वीस करायचे, हे काही दुकानांत नव्या मुलाला शिकवले जाते. सूरह मुतफ्फिफीन मापात खोट करणाऱ्यांविषयीच आहे, हे मुलांना मकतबातच कळलेले असते. पण गर्दीत, मालकाच्या नजरेखाली ते आठवणे वेगळे. इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात येते की भागीदाराने ऐब असलेले कापड ऐब न सांगता विकले, तेव्हा त्यांनी त्या सौद्याचे सगळे पैसे सदका करून टाकले. नोकराच्या हातात एवढे नसते. ‘इथे धागा सुटला आहे, बघून घ्या’ एवढे सांगणे मात्र असते.

आता तब्येत. हे काम उभ्याने करायचे. रोजा ठेवून दुपारी दोन ते रात्री अकरा उभे राहणे सोपे नाही, पाय सुजतात. केरळमध्ये कोझिकोडच्या मिठाई तेरुवूतल्या दुकानांतल्या बायकांनी, पी. विजी यांच्या ‘पेनकूट्टू’ संघटनेतर्फे, बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला, दुकानात कामगारांना बसायला सोय देणे बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसेच केले. आपल्याकडे निदान एक स्टूल मागावा. इफ्तारला किती मिनिटे मिळतील, मगरिबची नमाज कुठे होईल, काउंटरवर तेवढा वेळ कोण थांबेल, हे ठरलेले असावे. चांगले मालक दुकानातच दस्तरखान टाकतात, सगळे एकत्र बसतात. पण खजूर तोंडात आणि हातात मीटरची पट्टी, अशी इफ्तार करणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत.

तासांबद्दल कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुटी आणि जादा तासांना दुप्पट मजुरी, अशी तरतूद आली. मूळ कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना होता. ही अट वीसवर आणि दिवसाचे तास दहावर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातली बहुतेक दुकाने या अटीत बसतच नाहीत. तिथे तुमचे रक्षण तोंडी ठरलेली गोष्टच करते, आणि म्हणून ती कागदावर हवी.

किमान वेतन मात्र छोट्या दुकानालाही लागू असते. महाराष्ट्रात दुकानांसाठी ते परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांप्रमाणे ठरते, विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. चालू दर सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येतो. एकदा जाऊन यावे.

पैशांचा घोळ बहुतेक शेवटच्या दिवसांत होतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या काउंटरवरून चांदरातीच्या गर्दीत एका सेटचा दुपट्टा गेला. मालकाने अख्ख्या सेटची किंमत तिच्या पगारातून कापली. काउंटरवर मुली चार होत्या, कापले तिचेच, कारण ती सर्वांत नवी. तिचे मामू आणि आम्ही दुकानात गेलो. मालक काही वाईट माणूस नव्हता, त्याने चहा पाजला, आपले नुकसानही सांगितले. अर्धे पैसे परत मिळाले, तेही ईदनंतर बारा दिवसांनी. ज्या ईदसाठी पोरीने महिनाभर काम केले, ती होऊन गेली होती.

वेतन संहिता, २०१९ इथे स्पष्ट आहे. दंड लावण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी लागते आणि दंड त्या काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. मालाच्या नुकसानीबद्दल कपात करायची तर तो माल खास त्याच कामगाराच्या ताब्यात दिलेला असावा लागतो आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीने झालेले असावे लागते. चौघींच्या काउंटरवरचा दुपट्टा यात कसा बसेल? काम सुटले की दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा असतो. मजुरी वेळेवर देण्याची ताकीद देणारी हदीस तर मालकालाही पाठ असते. तरी सगळी रक्कम चांदरातीवर ठेवू नये. दर आठवड्याला उचल ठरवावी, आणि मुलांनी छोट्या वहीत रोजची तारीख, आल्या-गेल्याची वेळ, घेतलेले पैसे लिहून ठेवावेत. वाद झाला तर वही बोलते.

मुलींना पाठवताना घरचे कचरतात. ती काळजी आम्ही समजू शकतो, पण सरसकट नकाराला आमची संमती नाही. लेडीज सेक्शनला आपल्या मुली असतील तर आपल्याच बायकांची सोय होते. बघायचे ते हे : दुकानात आणखी बायका कामाला आहेत का, बाथरूमची सोय आहे का, रात्री परत कोण आणणार. २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. कोणी त्रास दिला तर २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करता येते. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानातली मुलगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने असते, तेव्हा ‘सीझन संपू दे, मग बघू’ म्हणून थांबू नये.

राहिली परीक्षा, आणि आमचे खरे दुखणे तेच आहे. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. आता रमजानच फेब्रुवारीत येऊ लागला आहे, म्हणजे दुकानाचा सीझन आणि बोर्डाचे पेपर एकाच महिन्यात. आमच्या वर्गातले दोन मित्र एकाच दुकानात लागले होते. एकाने वेळापत्रक मालकाला दाखवून पेपरच्या आदल्या दिवशीची आणि पेपरच्या दिवसाची सुटी आधीच मागून घेतली, मजुरी थोडी कमी घेतली. तो आज बीकॉमला आहे. दुसरा संकोचाने बोलला नाही. दोन पेपर गेले, सीझननंतर मालकाने ‘कायमचा राहा’ म्हटले आणि तो राहिला. अजून त्याच काउंटरवर आहे. हुशार सेल्समन आहे, घर चालवतो. आम्ही गेलो की चांगला भाव लावतो आणि नजर चुकवतो.

बारावीच्या मुलाने सीझनला जावे का, असे पालक विचारतात. आमचे उत्तर : अकरावीत जाऊ द्या, बारावीत शेवटचा पेपर झाल्यावर ईदपर्यंत जेवढे दिवस उरतील तेवढेच. घराची गरजच असेल तर दुपारनंतरचे चार तास ठरवा, पूर्ण पाळी नको. हॉल तिकीट हातात आले की त्याची झेरॉक्स मालकाकडे द्या. कागद समोर असला की मालकालाही नाही म्हणणे जड जाते. आणि सीझन संपल्यावर दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, सही, शिक्का. पुढे शोरूममध्ये अनुभव विचारतात तेव्हा हाच कागद दाखवायचा असतो.