गोधडीचा शेवटचा टाका

आजचा विषय आत्ता तुमच्या अंगाखाली असण्याची बरीच शक्यता आहे. गोधडी. पश्चिम महाराष्ट्रातले श्रोते वाकळ म्हणतील, चालेल. मी शहाद्याचा, आमच्याकडे गोधडीच.

सुरुवात मात्र अमेरिकेतल्या एका शब्दापासून करतो. तिथे हौसेने क्विल्ट शिवणाऱ्या बायकांमध्ये ‘यूएफओ’ हा शब्द चालतो. उडती तबकडी नाही, ‘अनफिनिश्ड ऑब्जेक्ट’. म्हणजे हौसेने सुरू केलेलं, कपाटात अर्धवट पडलेलं काम. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आमचे लॅपटॉप अशा तबकड्यांनीच भरलेले असतात.

पण मला प्रश्न पडला तो वेगळा. आपल्याकडे गोधडी अर्धी राहणं हा प्रकार पूर्वी फारसा दिसत नव्हता. मग आता गावोगावी माळ्यावर अर्ध्या टाक्यांच्या गोधड्या का सापडतात? आळस, मोबाईल, टीव्ही ही उत्तरं मला पटत नाहीत. खरं उत्तर शोधायला जरा लांब मागे जावं लागतं.

जोडलेल्या कपड्यांचा आपल्याकडचा सगळ्यात जुना सविस्तर हिशोब सापडतो तो बौद्ध भिक्षूंच्या नियमांत, म्हणजे विनयपिटकात. त्यात एक गोष्ट आहे. थंडीच्या रात्री बुद्ध उघड्यावर बसले. आधी एका वस्त्रावर. गारठा वाढला तसं दुसरं घेतलं, मग तिसरं, मग चौथं. त्यावरून हिशोब काढून भिक्षूला तीन वस्त्रं पुरेत असं ठरवलं, त्यातलं वरचं दुहेरी. स्वतःवर टेस्टिंग करून मग नियम काढला, हे मला फार आवडलं. पुढे आणखी बारकावा आहे. कापड नवं असेल तर वरचं वस्त्र दोन पदरी, आणि जुनं, विरलेलं असेल तर चार पदरी. मंडळी, गोधडीचं सगळं गणित या एका ओळीत आहे. कापड जुनं झालं की पदर वाढवायचे.

चीवराचं डिझाइनही ठरलेलं होतं. मगधातली बांध घातलेली भातखाचरं दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारलं, असं चीवर जमेल का? आनंदाने तुकडे जोडून तसं शिवलं. शेताच्या नकाशासारखे ठिगळांचे चौकोन, तेही सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी.

आणि आता आजच्या प्रश्नाशी जोडलेला भाग. पावसाळ्याचा मुक्काम संपला की आश्विन पौर्णिमेनंतरच्या महिन्यात ‘कठिन’ नावाचा विधी होतो. कठिन म्हणजे कापड ताणून बसवायची चौकट. दान आलेलं कापड संघ एका भिक्षूला देतो. मग ते धुणं, मापणं, कापणं, शिवणं, रंगवणं हे सगळं त्याच दिवशी संपवायचं. उद्यावर ढकलायचं नाही. अर्थात एकट्याला ते शक्यच नाही, त्यामुळे सगळे हात लावतात. वस्त्र तयार झालं की तो भिक्षू तसं सगळ्यांसमोर जाहीर करतो आणि बाकीचे अनुमोदन देतात. वस्त्र एकाचं, पण पुण्य अनुमोदन देणाऱ्या सगळ्यांचं. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमध्ये हा विधी आजही दरवर्षी होतो.

हे सगळं मगधातलं झालं, आपल्याकडचं काय, असं कुणी विचारेल. त्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यात जायचं. १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. वर्ष ४२, महिना वैशाख. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. गणित करून बघा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. भागिले २०, बरोबर १२. सुमारे १९०० वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कपड्यासाठी फिक्स्ड डिपॉझिट होतं आणि बँक होती विणकरांची. पांडवलेण्याला जाऊन नुसता सेल्फी काढून येणाऱ्यांनी पुढच्या वेळी या लेखासमोर दोन मिनिटं थांबा.

आता नाशिकहून उत्तरेला, माझ्या जिल्ह्यात येऊ. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, पण वाट जुनी आहे. सुरत ते बऱ्हाणपूर हा मुघल काळातला मोठा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबारवरून जायचा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच रस्त्याने गेला. नवापूरबद्दल तो लिहितो की हे विणकरांनी भरलेलं मोठं गाव आहे, आणि इथल्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो. तांदळाचं कौतुक त्याने जास्त केलंय, ते जाऊ द्या.

म्हणजे कापड इथे होतं. मग त्या काळच्या गोधड्या कुठे गेल्या? उत्तर साधं आहे. वापरून संपल्या. गोधडी फाटली की तिच्यावर नवं कापड चढतं, मग ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते, शेवटी पोतेरं होते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसाने खंबायतच्या सुंदर रजयांची तारीफ केली, कारण त्या विकायला होत्या. विकल्या जाणाऱ्या वस्तूची नोंद होते. आजी नातवासाठी शिवते तिची कोण करणार? गोधडीच्या इतिहासातली मोठी अडचण ही आहे. वस्तू उरत नाही आणि करणारीचं नावही कुठे येत नाही.

शिवाय गोधडी म्हणजे गरिबी हे समीकरण. गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांचं वस्त्र घालायचे, त्यावरून लोक त्यांना कुठे गोधडेबुवा म्हणायचे, कुठे चिंधेबुवा. संताच्या अंगावर गोधडी चालते, आपल्या दिवाणावर चालत नाही. आमच्याकडेही पाहुणे आले की गोधडी आत आणि सोलापुरी चादर बाहेर.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. गोधडी करायला आधी ‘जास्तीचं’ जुनं कापड लागतं. हातमागाच्या काळात कापड महाग, एक वस्त्र अंगावरच फाटायचं. डाब, तोरणमाळसारख्या सातपुड्याच्या वरच्या गावांत हिवाळ्यात कधी कधी दंव गोठून पांढरं होतं. तिथे रात्रीची ऊब मुख्यतः शेकोटीची. घरोघरी गोधड्यांची चळत ही मला वाटतं गिरणीच्या स्वस्त कापडानंतरची गोष्ट असावी. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ ची. पुढे खानदेशात जळगाव, अमळनेर, धुळे इथे गिरण्या आल्या, आणि १९०० पर्यंत सुरतहून येणारी तापी व्हॅली रेल्वे आपल्या भागातून धावू लागली.

इथे एक धागा थेट अमेरिकेत जातो. १८६१ ला तिथे यादवी युद्ध पेटलं, गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि खानदेशी कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. ज्या गुलामांच्या कापसामुळे आपल्याकडे ही उलथापालथ झाली, त्यांच्यातल्या काहींचे वंशज अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीत राहतात. नदीच्या वळणातली, तीन बाजूंनी पाणी असलेली वस्ती. तिथल्या बायका शेतात घालून फाटलेल्या पँटी आणि शर्टांचे क्विल्ट शिवायच्या, थंडीपुरते. १९६२ मध्ये, मतदार नोंदणीची चळवळ वाढत असताना, त्यांची नदीवरची फेरीबोट बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये! पण १९६६ मध्ये तिथल्या आणि शेजारच्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढून क्विल्ट विकायला सुरुवात केली. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जीज बेंडचे क्विल्ट भिंतीवर लागले, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि मुख्य म्हणजे करणाऱ्या बायकांची नावं छापली गेली.

त्यांचे क्विल्ट आणि आपली गोधडी शेजारी ठेवा. दोन्हीकडे कापूस पिकवणारे हात, दोन्हीकडे अंगावरचं जुनं कापड. ‘बी’ म्हणजे सगळ्यांनी मिळून एकीचं काम उरकायचं. कठिनमध्ये तेच होतं. आणि आपल्याकडे आखाजीला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात ती दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. वैशाखात शेतात काम नसतं, ऊन कडक असतं, कापड धुऊन वाळवायला उत्तम. मोठीमायच्या ओसरीवर दुपारी गोधडी अंथरली जायची. खाली एक जुनी नऊवारी. नऊ वार म्हणजे साधारण आठ मीटर, तिच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांबीचे चार पदर आपोआप मिळतात (विनयातले चार पदर आठवले ना?). मध्ये धोतराचे, परकराचे तुकडे. वर पुन्हा चांगली साडी. मग चार बाजूंना चार जणी बसायच्या आणि धावदोरा घालत कडेकडून आत सरकायच्या. शेवटचा टाका गोधडीच्या मधोमध पडायचा, जिथे सगळ्या जणी पोचलेल्या असायच्या.

आमच्या घरातल्या एका गोधडीवर मी वितीभर जागा मोजली आणि त्यावरून हिशोब केला. ओळींमध्ये सुमारे एक सेंटीमीटर अंतर, टाकाही तेवढाच. दोन मीटर बाय सव्वा मीटरला साधारण २५ हजार टाके. एकटीने बसलं तर फार वेळ जातो. चौघींना काही दुपारी पुरतात. म्हणून पूर्वी गोधड्या पूर्ण व्हायच्या. चिकाटी होतीच, पण वैशाखात माहेरी जमलेली माणसं होती, हे जास्त महत्त्वाचं.

आणि नेमका हाच भाग नंदुरबारमध्ये उसवला. इथली हजारो आदिवासी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यातच परततात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून बारडोली परिसरातल्या या खानदेशी तोडणी कामगारांबद्दल लिहिलंय. कुटुंबच्या कुटुंब निघतं, कारण तोडायला एक आणि बांधायला दुसरं माणूस लागतं. डोक्यावर भांडी आणि गोधड्यांचं गाठोडं. म्हणजे गोधडी वापरली जाते सगळ्यात जास्त, पाचटावर अंथरून, आणि नवी शिवायला चार जणी एका ओसरीवर कधी बसणार? शहाद्यासारख्या गावात कारण वेगळं, परिणाम तोच. मुली सुरत, पुणे, नाशिकला. आखाजीला दोन दिवसांची रजा मिळाली तरी नशीब.

कापडही बदललं. सुरतची सिंथेटिक साडी स्वस्त, टिकाऊ, झटकन वाळणारी. पण गोधडीत ती घसरते, घाम शोषत नाही आणि थरावर थर बसत नाही. सुती नऊवारी नेसणारी पिढी संपत आली, तसा कच्चा मालही संपत आला. बाजारात चारपाचशेला फुगीर ब्लँकेट मिळतं. ते घेणाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. रात्री थंडी वाजणाऱ्याने परंपरा का सांभाळायची? आणि बचत गटांच्या बायका गोधड्या शिवून शहरात विकतात, त्याला ‘पूर्वीसारखी माया नाही’ म्हणणाऱ्यांशी तर मुळीच जमत नाही. मायेचे पैसे आधी कोण देत होतं?

मोठीमाय तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हा तिची एक गोधडी अर्धी होती. दोन बाजू झालेल्या, मधला भाग नुसता कच्च्या टाक्यांवर. आईला एकटीने ती उचलवेना. गेल्या आखाजीला दोन्ही मावश्या, मामी आणि माझी चुलतबहीण एकदम आल्या, त्यात शनिवार-रविवार जोडून आला, आणि गोधडी खाली आली. चार दिवस लागले. बहिणीचा टाका मोठीमायच्या दुप्पट मोठा आहे. मामी म्हणाली उसवून परत घाल. आई म्हणाली राहू दे.

झाल्यावर उन्हात दोरीवर टाकून फोटो घरच्या ग्रुपवर गेला. मला वाटलं अंगठे येतील. आले व्हॉइस मेसेज. सुरतच्या आत्याने डाव्या कोपऱ्यातलं हिरवं कापड ओळखलं, तिच्या डोहाळजेवणाची साडी. ठिपक्यांचा तुकडा माझ्या झबल्याचा निघाला. मधल्या जांभळ्या पट्टीवरून दोन मावश्यांचं अजून एकमत नाही.

हे मेसेज मी सेव्ह करून प्रत्येक तुकड्याला नंबर दिलाय, कोणाचं, कुठलं, साधारण कधीचं. २३ पैकी १७ तुकडे लागलेत. तुमच्या घरी गोधडी असेल आणि ती शिवणारी बाई असेल, तर या रविवारी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तिच्याशेजारी बसा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवत जा. अर्धी राहिलेली निघाली तर आखाजीची तारीख आत्ताच बघून तिकिटं काढा, सुरत-भुसावळ गाड्यांना त्या दिवसांत जागा मिळत नाही.