व्हर्सायचा पोस्टमास्तर

कानाचे दुखणे घशाच्या वाटेने बरे करू पाहिले, ते एका पोस्टमास्तराने. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी साडेतीन सेंटिमीटरची नळी युस्टाकी या इटालियन पंडिताने सोळाव्या शतकातच वर्णिली होती. त्याचा बहिऱ्यांना उपयोग काय झाला? व्हर्सायचा पोस्टमास्तर ग्युयो स्वतःच बहिरा. 1724 साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक वाकडी नळी मांडली. ती तोंडातून टाळूमागे घालून पाणी सोडायचे. आपले कान तिनेच सुधारले, असे त्याचे म्हणणे. मला या गृहस्थाचे मोठे कौतुक वाटते. मास्तर ज्याला मठ्ठ म्हणतात त्या पोराला पुष्कळदा ऐकूच येत नसते, हे मी शाळेत पाहिले आहे. ही तळमळ पंडिताला कुठून असणार?

पुढे 1741 मध्ये क्लेलंड या इंग्रज लष्करी शस्त्रवैद्याने चांदीची नळी नाकातून घातली. ही वाट जवळची खरी, पण तिथे पडदा आडवा येतो. दोन नाकपुड्यांमधला हा पडदा अगदी सरळ असलेला माणूस विरळाच! तो फार वाकला की एक बाजू अरुंद होते. दुसऱ्या बाजूला मोकळी जागा मिळून भिंतीवरच्या मांसल घड्या फुगतात. गालाच्या आणि कपाळाच्या हाडांतील पोकळ्यांची, म्हणजे सायनसची, तोंडे या घड्यांच्याच आड असतात. ती कोंडली की आत शेंबूड साठतो. सूज मागे कानाच्या नळीपर्यंत गेली, तर मधल्या कानाची हवा तुटते आणि कानाचा पडदा आत ओढला जातो.

पोलिट्झरने 1863 साली व्हिएन्नात रबरी फुग्याने नाकातून हवा भरून नळीचा त्रास चुकवला. पडदा मात्र वाकडाच राहिला. 1902 मध्ये शिकागोच्या फ्रीअरने आणि 1904 मध्ये जर्मनीच्या किलियनने वरचे नाजूक अस्तर राखून आतले वाकडे हाड व कूर्चा काढण्याची रीत प्रसिद्ध केली.

मग 1950 नंतर वुल्स्टाइन आणि झोल्नर या जर्मन शस्त्रवैद्यांनी फाटलेला कानाचा पडदा नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि जुना प्रश्न उभा राहिला: मागून हवाच पोचत नसेल तर ठिगळ टिकणार कसे? कोणी म्हणतात, आधी नाक सरळ करा. कोणी म्हणतात, पुष्कळ रोग्यांत त्यावाचून अडत नाही. एकमत अजून झालेले नाही. पण कान दाखवायला गेलेल्या माणसाच्या नाकातही डॉक्टर डोकावून पाहतात, ते यासाठीच.