कल्याण ते लेण्याद्री: एका दात्याची वाट

१/ पावसाळा लागला की मित्रमंडळींच्या गाड्या कल्याणहून माळशेज घाट चढून जुन्नरकडे निघतात. या प्रवासाला सुमारे दोन हजार वर्षांची परंपरा आहे.

२/ त्या काळी सह्याद्री ओलांडण्याची प्रमुख वाट जवळच्या नाणेघाटातून जाई. कल्याण व सोपारा ही बंदरे तिने जुन्नरमार्गे पैठणशी जोडली होती. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आजही पाहता येतो.

३/ या वाटेने मालाबरोबर माणसेही आली. जुन्नर परिसरातील शिवनेरी व मानमोडी लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांच्या दानांची नोंद आहे.

४/ लेण्याद्रीच्या ६ व्या लेण्यातील लेखानुसार, तेथील चैत्यगृह हे कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान होय. हिरण्य म्हणजे सोने. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा.

५/ शेजारचे ७ वे लेणे मूळचा बौद्ध विहार. आज ते अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून आलेले अनेक प्रवासी दर्शन घेऊन तेथूनच परततात.

६/ सातवाहन राजांच्या वंशावळी पुराणांतही आढळतात. सुलसदत्ताची साक्ष मात्र त्या दगडातील अक्षरेच देतात. लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे खरडणाऱ्या मित्राला एवढेच सांगावे: येथे ज्याचे नाव कोरले गेले, त्याने आधी चैत्यगृह दिले होते.