पोलाद, पदक आणि बडतर्फी : युद्धकाळातील एका सामान्य हिंदी खलाशाचे जग

१/ भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मँगनीज खाणीचे गाव समुद्रापासून शेकडो कोस दूर आहे. तरीही अशा गावांचे समुद्रावरील युद्धाशी नाते होते. कारण मँगनीजविना पोलाद नाही आणि पोलादाविना युद्धनौका नाही. त्या नौकांवर राबलेल्या साध्या हिंदी खलाशाविषयी हा धागा.

२/ १९३९ साली रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ जेमतेम दोन हजारांच्या घरात होते. त्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा. युद्धाने ही संख्या पंचवीस हजारांपलीकडे नेली. आता समुद्राशी पिढीजात संबंध नसलेली, शाळा शिकलेली मुलेही तारायंत्र आणि रडार शिकू लागली.

३/ ११ नोव्हेंबर १९४२. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस ‘बंगाल’ ही सुरुंग काढणारी छोटी नौका ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत होती. समोर दोन जपानी सशस्त्र जहाजे आली. ‘बंगाल’वर मुख्य तोफ एकच, तीही लहान. तरी ती माघारी न वळता शत्रूवर चालून गेली. ‘होकोकु मारू’ बुडाले. ‘बंगाल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही तगल्या.

४/ खलाशांना शौर्यपदके मिळाली, पण वागणूक बदलली नाही. वेतन-भत्ते ब्रिटिश खलाशांहून कमी, जेवण निकृष्ट, वर अधिकाऱ्यांच्या शिव्या. युद्ध संपताच नोकरकपातीची चिंताही आली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील खलाशांनी संप पुकारला. समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. मागण्या केवळ अन्नाच्या नव्हत्या : आझाद हिंद सेनेचे कैदी सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा.

५/ संप ७८ नौका आणि सुमारे २०,००० खलाशांपर्यंत पसरला. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. मुंबईत गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. परळच्या कमल दोंदे त्यांपैकी एक. वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीस खलाशांनी शरणागती पत्करली.

६/ पुढे चारशेहून अधिक जण बडतर्फ झाले. स्वतंत्र झालेल्या दोन्ही देशांच्या नौदलांनी त्यांना परत घेतले नाही. ज्या हातांनी साम्राज्याचे युद्ध लढले, त्यांच्याच सेवापुस्तकात अखेरची नोंद बडतर्फीची राहिली. त्या घटनेस ‘बंड’ म्हणावे की ‘उठाव’, हा वाद म्हणूनच केवळ शब्दांचा नाही. माणसाचे निवृत्तिवेतन आणि गावातली पत त्यावर ठरत होती.

७/ आपल्या घरी आजोबा-पणजोबांचे असे सेवापुस्तक असल्यास जपून ठेवा. नौकेचे नाव, भरतीची आणि मुक्ततेची तारीख, मुक्ततेचे कारण : या चार नोंदींत एका सामान्य खलाशाचा इतिहास सामावलेला असतो.